चित्रांच्या घराचा कारभार कोण पाहतो?



मागच्या दोन भागांत आपण रेशन दुकानाची दक्षता समिती आणि शाळा व्यवस्थापन समिती समजून घेतली. समितीत कोण असतं, बैठक किती दिवसांनी होते, इतिवृत्त मागितलं तर दाखवावं लागतं का, असं सगळं बोललो. आज त्याच रांगेतला, पण जरा वेगळा विषय आहे. संग्रहालय, म्हणजे म्युझियम. कोणी म्हणेल, सोयाबीन-कपाशीच्या धावपळीत हे कुठून काढलं? तर हा विषय आम्ही नाही काढला, तुम्हीच काढला.

५ ऑक्टोबर २०२४ ला पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. पंतप्रधान आले होते. नगाऱ्याच्या आकाराची ती इमारत तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिली आहे. पोहरादेवी वाशिम जिल्ह्यात असली तरी आपल्या दिग्रस तालुक्यातल्या तांड्यांना ती घरचीच. रामनवमीच्या यात्रेला तर गटच्या गट गाडी करून जातात. तिथून आल्यावर एका गटाच्या बैठकीत एका मावशींनी विचारलं, "आमच्या सासूची फेटिया अन् कांचळी पेटीत पडून आहे. आरशांचं, कवड्यांचं काम आहे. ती अशा ठिकाणी दिली तर ती मग कोणाची? अन् उद्या ती लावायची की गोदामात टाकायची, हे कोण ठरवणार?"

मावशी शाळेत गेलेल्या नाहीत. पण संग्रहालयाबद्दल विचारायचा जो खरा प्रश्न आहे, तो त्यांनी दोन वाक्यांत विचारला. वस्तू कोणाची आणि ठरवतं कोण. याचं उत्तर शोधताना आम्हाला मुंबईचं एक प्रकरण सापडलं. ते आधी सांगतो.

मुंबईत काळा घोडा नावाचा भाग आहे. तिथं १९११ साली बांधलेली सर कावसजी जहांगीर हॉल ही इमारत आहे. एका पारशी दानशूर घराण्याचं नाव तिला आहे. पूर्वी तिथं सभा व्हायच्या, गाण्याच्या मैफली व्हायच्या. मुंबईच्या चित्रकारांनी आणि कलाप्रेमी लोकांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, की आमच्या शहरात आजच्या काळातल्या चित्रांसाठी सरकारी संग्रहालय हवं. तेव्हा १९९६ मध्ये त्या इमारतीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबईची शाखा सुरू झाली. मूळ संस्था दिल्लीची, १९५४ सालची. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाच्या हाताखाली ती चालते. २००९ मध्ये बंगळुरूलाही शाखा झाली. म्हणजे पैसा कोणाचा? करातून येणारा, आपला सगळ्यांचा. आपण साबणाची वडी घेतो तेव्हा त्यात भरतो तो करसुद्धा त्यात आला.

या मुंबईच्या शाखेला तिथल्या चित्रकारांची एक सल्लागार समिती असायची. यंदा कोणाची चित्रं लावायची, कोणत्या जुन्या चित्रकाराचं मोठं प्रदर्शन भरवायचं, याचा सल्ला ती द्यायची. दिल्लीत बसलेल्या साहेबाला मुंबईतला, कोकणातला, विदर्भातला चित्रकार ठाऊक असेलच असं नाही. म्हणून स्थानिक माणसं हवीत, एवढा सरळ हेतू.

फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथं प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. बरवे १९३६ सालचे, रायगड जिल्ह्यातल्या नागावचे. विणकर सेवा केंद्रात त्यांनी नोकरी केली होती. घड्याळ, झाडाचं पान, पीस अशा साध्या साध्या वस्तू त्यांच्या चित्रात येतात आणि त्याच पाहताना वेगळ्या वाटायला लागतात. १९९५ मध्ये ते गेले. ८ फेब्रुवारीला या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं आणि बोलायला बोलावलं होतं अमोल पालेकर यांना. होय, 'गोलमाल'मधले तेच. सिनेमात येण्याआधी ते चित्रकलाच शिकले होते, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत.

पालेकरांनी बरव्यांबद्दल बोलता बोलता संस्थेच्या कारभाराचा विषय काढला. त्यांचं म्हणणं असं होतं, की नोव्हेंबर २०१८ नंतर मुंबई आणि बंगळुरूच्या स्थानिक समित्या राहिल्या नाहीत आणि कोणतं प्रदर्शन भरवायचं ते आता दिल्लीतून ठरणार आहे. ते एवढं बोलतात न बोलतात तोच व्यासपीठावरून त्यांना मध्येच थांबवण्यात आलं. कार्यक्रम बरव्यांचा आहे, त्यांच्याबद्दलच बोला, असं सांगण्यात आलं. त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली, पेपरात छापून आलं, पालेकरांनी पुण्यात पत्रकार परिषदही घेतली. समितीची मुदत संपली होती, नवीन नेमली जाईल, असं संस्थेच्या बाजूनं सांगितलं गेलं.

ही गोष्ट आम्ही आमच्या प्रभागाच्या बैठकीत सांगितली तेव्हा बायांचे दोन तट पडले. काहींचं म्हणणं, दुसऱ्याच्या वर्षश्राद्धाला जाऊन आपलं भांडण काढू नये, विषय सोडून बोलले ते चूकच. दुसऱ्या म्हणाल्या, मग बोलायचं कुठं? बंद खोलीत बोललं तर कोण ऐकतं? अर्धा तास ही वादावादी चालली. आमचं विचाराल तर, बोलायची जागा ती होती की नव्हती, हा मुद्दा दुय्यम आहे. ज्या संस्थेला लोकांचा पैसा लागतो तिच्या समितीची मुदत संपली आणि नवी समिती कधी येणार हे लोकांना आधी ठाऊक नव्हतं, ही खरी अडचण आहे. ते एका नटाच्या भाषणातून कळावं लागलं.

आपल्या गटात काय होतं ते आठवा. अध्यक्ष आणि सचिव बदलायची वेळ आली की आधीच्या बैठकीत विषय निघतो. ठराव लिहिला जातो. जुन्या सचिव वहिनी नव्या सचिवांच्या हाती कॅशबुक, पासबुक, शिक्का देतात आणि सगळ्यांच्या सह्या होतात. मधला एक महिनासुद्धा बिनअध्यक्षाचा जात नाही, कारण बँक सही मागते. दहा-बारा बायांच्या गटाला जे जमतं, ते मोठ्या संस्थेला जड का जावं? मुदत संपायची तारीख काही अचानक येत नाही. ती नेमणुकीच्या कागदावरच लिहिलेली असते.

आता कोणी म्हणेल, दिल्लीचं नको, शहराच्या ताब्यात दिलं की झालं. तसंही एक संग्रहालय मुंबईत आहे. भायखळ्याला राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. मुंबईतलं सगळ्यात जुनं. २ मे १८७२ ला ते लोकांसाठी उघडलं. त्याच्यासाठी नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड अशा माणसांनी वर्गणी गोळा केली होती. मध्येच, १८६५ च्या सुमारास, कापसाचा बाजार कोसळला आणि पैसा आटला. (कापसाचा भाव पडला की काय काय अडतं, हे यवतमाळ जिल्ह्यातल्या बाईला वेगळं सांगायला नको.) मग सरकारनं पैसा घालून इमारत पूर्ण केली. तेव्हा नाव होतं व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालय. १९७५ मध्ये ते बदलून भाऊ दाजींचं नाव दिलं.

हे संग्रहालय मुंबई महापालिकेचं. काळाच्या ओघात त्याची दुरवस्था झाली. मग २००३ मध्ये महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि वारसा जपणारी इंटॅक ही संस्था अशा तिघांमध्ये करार झाला. फाउंडेशननं पैसा घातला, जाणकारांनी काम केलं, २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ च्या जानेवारीत ते पुन्हा उघडलं. आता ते बघण्यासारखं आहे, यात वाद नाही.

पण प्रश्न तोच. महापालिकेची मालमत्ता, खासगी पैसा आणि मध्ये एक विश्वस्त मंडळ. चांगलं झालं तर श्रेय तिघांचं, बिघडलं तर कोणाच्या दारात जायचं? त्यासाठी या विश्वस्त मंडळात महापौर आणि आयुक्त यांना वरची जागा दिली आहे. महापौर म्हणजे निवडून आलेला माणूस, त्याला सभागृहात नगरसेवक जाब विचारू शकतात. कागदावर बरोबर आहे. मात्र मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढं कित्येक वर्षं निवडणूकच झाली नाही. नगरसेवक नाहीत, महापौर नाही, फक्त प्रशासक. त्या काळात आपल्याकडच्या नगर परिषदांतही तेच होतं, हे तुम्ही पाहिलं आहे. नळाला पाणी आलं नाही तर कोणत्या नगरसेवकाकडे जायचं, हा प्रश्न दिग्रसच्या बाईला पडला, तसाच तो भायखळ्याच्या संग्रहालयालाही पडायला हवा होता. लोकांनी निवडलेल्या माणसाची खुर्ची रिकामी राहिली की त्या खुर्चीला जोडलेली प्रत्येक समिती लंगडी होते.

तिसरी तऱ्हा राज्य सरकारची. आपल्याला जवळचं म्हणजे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय. १८६३ सालचं. सगळे त्याला अजब बंगला म्हणतात. ते राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. आणि चौथी तऱ्हा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची. त्याच्यासाठी १९०९ मध्ये वेगळा कायदा झाला, १९२२ मध्ये ते उघडलं आणि विश्वस्त मंडळ ते चालवतं. त्यांची एक चांगली गोष्ट म्हणजे फिरतं संग्रहालय. २०१५ पासून मोठ्या बसमध्ये वस्तू मांडून ती बस शाळांत आणि गावागावांत नेतात.

तर मालक वेगवेगळे असू शकतात. कोणती तऱ्हा चांगली, यावर आम्ही फार वेळ घालवणार नाही. चांगली माणसं असली की चारही चालतात आणि पाहणारं कोणी नसलं की चारही बिघडतात. पाहायची असते ती वही.

संग्रहालयाची खरी तिजोरी म्हणजे त्याची नोंदवही. प्रत्येक वस्तू आली की तिला एक क्रमांक मिळतो. तो वहीत लिहितात आणि वस्तूवरही कुठंतरी बारीक अक्षरात घालतात. वहीत असतं: वस्तू काय, कशाची, किती लांब-रुंद, कुठून आली, कोणी दिली, विकत घेतली की भेट मिळाली, कोणत्या तारखेला. फोटो असतो. वस्तू दुरुस्तीला गेली, दुसऱ्या शहरात प्रदर्शनाला गेली, तर तेही लिहायचं. आपल्या गटाच्या कॅशबुकात जशी आलेली आणि गेलेली प्रत्येक रक्कम असते, तसंच.

ही वही एवढी महत्त्वाची का? कारण आपल्याला जे दिसतं ते थोडंसंच असतं. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीसाठी गावोगाव फिरून वस्तू जमवल्या आणि पुढं सगळा संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला. त्यात काय आहे? दिवे, अडकित्ते, फण्या, कुलपं, स्वयंपाकघरातली भांडी, पेट्या. म्हणजे आपल्या आज्यांच्या हातातल्या वस्तू. वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत आणि त्यातल्या मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपास. बाकीच्या आत. हे सगळ्याच मोठ्या संग्रहालयांत असतं, जागाच तेवढी नसते. पण मग आतली एखादी वस्तू आहे की नाही हे बाहेरच्या माणसानं कसं ओळखायचं? वहीवरूनच. आणि वही खरी आहे की नाही? वही हातात घेऊन वस्तू मोजल्यावरूनच.

ही मोजणी होत नाही, हे सरकारी तपासणीतच निघालं आहे. देशाचा हिशेब तपासणारी कॅग नावाची यंत्रणा आहे. तिनं २०१३ मध्ये जुन्या स्मारकांवर आणि संग्रहालयांवर अहवाल दिला. वस्तू घ्यायच्या, नोंदायच्या आणि तपासायच्या पद्धतीत ठिकठिकाणी ढिलाई असल्याचं त्यात होतं. स्मारकांची गोष्ट तर वेगळीच. केंद्राच्या संरक्षणाखालच्या १,६५५ स्मारकांवर प्रत्यक्ष जाऊन पाहिलं, तर ९२ स्मारकं जागेवर सापडलीच नाहीत. पुढं शोध घेतला तेव्हा ४२ मिळाली. उरलेल्या ५० पैकी १४ वाढत्या शहरांनी गिळली, १२ धरणांच्या पाण्यात गेली आणि २४ चा पत्ताच नाही, असं सरकारनं संसदेत सांगितलं. अरुणावती धरणाच्या आसपास राहणाऱ्या आपल्याला, पाण्याखाली काय काय जातं हे ठाऊक आहे. पण यादीत नाव कायम आणि जागेवर वस्तू नाही, हे कोणीतरी जाऊन पाहिल्याशिवाय कळलं नसतं.

आता वस्तू संग्रहालयात येतात कशा, तेही थोडं सांगतो, कारण त्यात आपला संबंध येतो. नागपूरच्या अजब बंगल्यात गुंगेरियाचा ठेवा आहे. गुंगेरिया बालाघाट जिल्ह्यात. १८७० साली गुरं चारणाऱ्या पोरांना जमिनीतून तांब्याचा तुकडा वर आलेला दिसला. खणलं तर तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पत्रे निघाले. हजारो वर्षांपूर्वीचे. त्यातला काही भाग नागपुरात आहे, काही थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. असा ठेवा आपल्या शेतात नांगराला लागला तर? १८७८ चा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. कळवणाऱ्याचं नुकसान होत नाही. त्याला मालक निघाला नाही तर सापडवणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्क कायद्यात लिहिला आहे, आणि सरकारनं ते ठेवून घेतलं तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा असतो. लपवलं तर मात्र गुन्हा. कळवल्याची पोच घ्यायला विसरू नका, आणि पंचनाम्यात नग मोजून लिहिले का, ते पाहा. संग्रहालयाच्या वहीची पहिली ओळ खरं तर त्या पंचनाम्यात असते.

पोच म्हटल्यावर एक गोष्ट सांगायलाच हवी. काही वर्षांपूर्वी आपल्या भागात एक प्रदर्शन भरलं होतं. कोणी भरवलं होतं ते इथं सांगत नाही. आमच्या गटांकडे निरोप आला, की जुन्या वस्तू असतील तर द्या, आठ दिवसांत परत करू. बायांनी हौसेनं दिल्या. पितळेचे गुंड, तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी, एक नक्षीचा पानाचा डबा, जातं सुद्धा. आमच्या कार्यकर्तीनं पावती मागितली तर उत्तर मिळालं, "ताई, विश्वास नाही का?" प्रदर्शन संपलं. जातं परत आलं, कारण ते उचलून कोण नेणार. एक नंदी आणि पानाचा डबा आजतागायत आलेला नाही. तो नंदी एका काकूंच्या माहेरचा, त्यांच्या आजोबांनी स्वतः कोरलेला. चार चकरा मारल्या, प्रत्येक वेळी नवीन माणूस भेटला आणि आधीच्या माणसाचं नाव सांगून मोकळा झाला. काकूंकडे दाखवायला कागद नव्हता, कारण देणाऱ्यानं तो दिलाच नव्हता. विश्वास आणि पावती यांचं वैर असल्यासारखं लोक का बोलतात, आम्हाला समजत नाही. आपण सख्ख्या जावेला गटातून कर्ज देतो तेव्हाही सही घेतोच की!

म्हणून वस्तू देताना हे बघा, मग ते शाळेचं स्नेहसंमेलन असो नाहीतर सरकारी संग्रहालय. पहिलं म्हणजे भेट देतो आहोत की काही दिवसांसाठी देतो आहोत, हे कागदावर स्पष्ट हवं. भेट दिली की ती वस्तू आपली राहत नाही, नंतर मुलगा मोठा होऊन मागायला गेला तर मिळत नाही. म्हणून घरात विचारूनच भेट द्या. काही दिवसांसाठी दिली तर परत करायची तारीख आणि घेणाऱ्याचं नाव, हुद्दा, सही, शिक्का. वस्तूचं वर्णन असं लिहा की दुसरी वस्तू दाखवून फसवता येणार नाही: "पितळेचा डबा" एवढं नको, "पितळेचा पानाचा डबा, झाकणावर मोर, मोराची शेपटी एका बाजूनं तुटलेली, वजन अमुक" असं हवं. मोबाइलवर फोटो काढा, वस्तूही दिसेल आणि देणाऱ्या-घेणाऱ्याचे चेहरेही. वस्तू कोणी केली, कोणाच्या हातची आहे, तेही लिहून द्या. नाहीतर काचेमागं "जुनी भरतकामाची चोळी" एवढीच पाटी लागते आणि जिनं रात्र रात्र जागून आरसे बसवले ती बाई नावाशिवाय राहते. बंजारा भरतकामाच्या बाबतीत तर हे फार झालं आहे. बाजारात त्या कामाला मोठी किंमत येते, करणारीचं नाव कुठंच नसतं.

मावशींच्या प्रश्नाचा पहिला भाग त्यातून सुटतो. वस्तू कोणाची, हे कागद सांगेल. दुसरा भाग, ठरवतं कोण, त्यासाठी विचारावं लागतं. आणि विचारायची साधनं आपल्याकडे आहेत.

संग्रहालय सरकारी असेल, किंवा सरकारच्या मोठ्या मदतीवर चालत असेल, तर त्याला माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा लागू होतो. त्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे आपला कारभार, अधिकारी, समित्या, खर्च ही माहिती कोणी न मागताच त्यांनी जाहीर करायची असते. ती सापडली नाही तर अर्ज करायचा. राज्याच्या कार्यालयासाठी नमुना अ मध्ये अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि दीडशे शब्दांच्या आत. केंद्राच्या संस्थेसाठी, जसं मुंबईचं ते कला संग्रहालय, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर चालते. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला फी नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडायची. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, आणि तरीही नाही झालं तर माहिती आयोग. राज्याच्या आयोगाचं खंडपीठ आपल्याला अमरावतीला आहे.

संस्था विश्वस्त मंडळाची असेल तर १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आहे. दरवर्षी हिशेब तपासून घेऊन तो धर्मादाय कार्यालयाला द्यावा लागतो. विश्वस्त बदलले तर तेही तिथं कळवावं लागतं. जमीन किंवा इमारत विकायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. हे कागद पाहण्यासाठी मुंबईला जायची गरज नाही, जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यालय असतं.

अर्जात काय विचारायचं? "कारभार नीट चालतो का" असं विचारू नका, त्याला "होय" एवढंच उत्तर येतं. कागद मागा. सल्लागार समितीच्या नेमणुकीचा आदेश आणि मुदत संपायची तारीख. मागच्या वर्षातल्या बैठकांच्या इतिवृत्ताच्या प्रती. वस्तूंची शेवटची मोजणी कधी झाली आणि त्यात काय कमी आढळलं. समितीत बाया किती, आणि ज्या समाजाच्या वस्तू मांडल्या आहेत त्या समाजातल्या किती. आम्हाला विचाराल तर हा शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी टाकावा. तांड्यावरची बाई फेटियाचा एक टाका पाहून सांगते, हे लग्नातलं की रोजचं. अशी एक बाई समितीत असली तर पाट्या चुकणार नाहीत.

पोहरादेवीचं संग्रहालय आपल्या दारातलं आहे आणि नवीन आहे. नवीन असतानाच विचारलं तर वही पहिल्या पानापासून नीट लागते. म्हणून आपल्या तीन ग्रामसंघांनी मिळून एक पत्र करायचं ठरवलं आहे: तक्रारीचं नाही, विचारणा करणारं. वस्तू स्वीकारायची पद्धत काय, पावती कशी देता, सल्लागार समितीत तांड्यांवरच्या बायांना जागा आहे का, एवढे तीन प्रश्न. पत्राचा मसुदा पुढच्या बैठकीत वाचून दाखवू. ज्यांना भर घालायची असेल त्यांनी आपल्या सचिवांकडे लिहून द्यावी. मावशींनी फेटिया अजून पेटीतच ठेवली आहे. पत्राचं उत्तर आल्यावर ठरवू, म्हणाल्या.

आणि ज्या गटांची दिवाळीनंतर नागपूरची सहल ठरते आहे, त्यांनी अजब बंगला यादीत घ्या. तिकीट काढताना अभिप्राय वही मागा आणि काही तरी लिहूनच या. पाट्या मराठीत वाचता आल्या का, म्हाताऱ्या बाईला बसायला बाक होता का, बायांसाठी स्वच्छतागृह उघडं होतं का. फक्त सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी ते बंद असतं.